रोज एक प्रदक्षिणा

रोमन लोकांचे रस्ते बाणासारखे सरळ असत, हे वाक्य आम्ही सहावीच्या वर्गास तीस वर्षे सांगत आलो. फळ्यावर पट्टीने एक रेघ ओढावी, तिच्या एका टोकास 'रोम' असे लिहावे, दुसरे टोक फळ्याच्या चौकटीपर्यंत नेऊन सोडून द्यावे, आणि मुलांनी ती आकृती वहीत उतरून घ्यावी, असा आमचा शिरस्ता होता. हे विधान निम्मेच खरे आहे, असे आम्हांस गेल्या ज्येष्ठ महिन्यात, वेल्स देशाच्या डोंगरांत, डाव्या गुडघ्यास पट्टा बांधून चालत असता कळून आले. आमच्या त्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक आज पन्नाशीस आले असतील. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी हे मासिक येत असल्यास त्यांनी वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त गेली चौदा वर्षे इंग्लंडात राहतात. यंदा त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे गेलो. निघण्यापूर्वी धाकट्या बंधूंनी आमच्यावर एक काम सोपविले होते. वाईच्या आमच्या वाड्याची नदीकडची भिंत खचली आहे. ती आता उतरवून पुन्हा बांधल्यावाचून गत्यंतर नाही. "दादा, खर्च किती हिश्श्यांत धरायचा आणि खोल्या कोणाकोणासाठी ठेवायच्या, ते तुमच्या चिरंजीवांना एकदा स्पष्ट विचारून या," असे ते म्हणाले. काम एका वाक्याचे. आम्ही ते पारपत्राबरोबर खिशात घालून विमानात बसलो, आणि तीन आठवडे ते खिशातच राहिले. मुलाला 'तू परत येणार की नाही' असे विचारणे हे बापाला परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याइतके सोपे नसते, हे ज्यांची मुले दूर आहेत त्या वाचकांस सांगावयास नको.

चिरंजीवांनी आठवड्याची रजा काढली आणि विचारले, "अण्णा, तुम्हाला काय पाहायचं आहे?" राजवाडे आणि दिव्यांच्या पेठा यांत आम्हांस गोडी नाही. आम्ही म्हटले, एखादा रोमन रस्ता पायांखाली घालावा. त्यांनी नकाशे आणले, आणि 'सार्न हेलेन' या नावावर बोट ठेवले.

वेल्श भाषेत 'सार्न' म्हणजे दगडमातीचा भराव घालून केलेली उंच वाट. रोमन स्थापत्यातही रस्त्याच्या मध्यभागी असा भराव असे, दोन्ही अंगांस पाण्याचे चर असत आणि माथ्यावर खडी ठोकून बसविलेली असे. आपल्या 'सेतु' शब्दाचा मूळ अर्थही बांध हाच आहे, पूल हा नंतरचा. सार्न म्हटल्याबरोबर आमच्या डोळ्यांसमोर म्हणूनच सेतु उभा राहिला. उत्तरेस कॉन्वी नदीच्या काठावरील काइरहिन येथून दक्षिणेस कार्मार्दनपर्यंत सुमारे १६० मैल हा मार्ग जातो असे मानतात. मधल्या कित्येक ठिकाणी तो नांगराखाली, तर कित्येक ठिकाणी आजच्या डांबराखाली गेला आहे. हेलेन म्हणजे जुन्या वेल्श कथेतली एलेन. माक्सेन नावाच्या रोमन सम्राटाने तिला वरले, आणि तिने या किल्ल्यापासून त्या किल्ल्यापर्यंत रस्ते बांधवून घेतले, अशी ती कथा. इतिहासातला हा सम्राट मॅग्नस मॅक्सिमस होय. ब्रिटनमधील सैन्याने त्यास इ. स. ३८३ मध्ये सम्राट म्हणून पुकारले आणि ३८८ मध्ये तो मारला गेला. रस्ते मात्र त्याच्या तीनशे वर्षे आधीचे. तेव्हा एलेनने काही ते बांधविले नाहीत. पण लोकांनी सेनापतींची नावे विसरून एका सुनेचे नाव रस्त्यास ठेवले, यात आम्हांस काही वावगे वाटत नाही.

आता मुख्य अडचण. आमची कल्पना अशी होती की, एका टोकाहून निघावे, सायंकाळी जेथे पोहोचू तेथे पाठ टेकावी आणि पंढरीच्या वाटेप्रमाणे पुढे पुढे जावे. चिरंजीवांनी ती मोडून काढली. मोटार मागे राहते, ती आणावयास पुन्हा मागे जावे लागते. आई एका जागी मुक्कामास हवी. आणि तुमचा गुडघा. म्हणून त्या देशातले पायी हिंडणारे लोक करतात तसे वाटोळे टप्पे करावयाचे. सकाळी मोटार ठेवावी तेथून रोमन रस्त्याने तीन-चार मैल पुढे जावे, आणि ओढ्याकाठच्या किंवा रानातल्या दुसऱ्या पाऊलवाटेने मोटारीपाशी परत यावे. दुसऱ्या दिवशी मोटार पुढच्या गावी न्यावी. आम्ही थोडे खट्टू झालो. दिवसभर चालावे आणि निघालो तेथेच येऊन उभे राहावे, याला प्रवास कसे म्हणावे? यावर आमच्या कुटुंबाने निकाल दिला : "वारी जमत नसेल तर प्रदक्षिणा घाला. ती काय कमी पुण्याची आहे?"

पहिली प्रदक्षिणा काइरहिनची. नदीच्या काठावर 'कानोवियम' हा रोमन किल्ला होता. त्याच्या एका कोपऱ्यात आज जुने चर्च उभे आहे, आणि किल्ल्याच्या तटाचा उंचवटा गवताखाली चौकोनी फिरलेला दिसतो. येथून पश्चिमेस 'बुल्ख-अ-देइव्हाइन' म्हणजे 'दोन शिळांची खिंड' या घाटाकडे रस्ता चढतो. (शास्त्रार्थाने पाहता ही सेगोंटियम किल्ल्याकडे जाणारी शाखा, सार्न हेलेन नव्हे, पण आमचे पाऊल पडले ते आधी तिच्यावरच.) वाटेत एक पाषाणयुगीन समाधी लागते : उभ्या दगडांवर एक मोठी शिळा टेकविलेली. ती रोमनांच्याही तीन हजार वर्षे आधीची. म्हणजे रोमनांनी ही वाट शोधली नाही, ती होतीच. त्यांनी ती रुंद केली, खडी घातली आणि मैलांचे दगड उभे केले. त्यांपैकी एक दगड खिंडीपलीकडच्या उतारावर १८८३ मध्ये सापडला. तो सम्राट हेड्रियनच्या वेळचा, इ. स. १२० किंवा १२१ मधला असून 'कानोवियमपासून ८ मैल' असे त्यावर कोरलेले आहे. आता तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावले, आपल्या आजच्या हिशेबाने दीड किलोमीटरास थोडा कमी. आम्ही काही अंतर पावले मोजून पाहिले. चारशेपर्यंत गेलो, मग एका मेंढीने वाट अडविली आणि आकडा चुकला.

येथेच आमच्या फळ्यावरची रेघ मोडली. सपाटीवर दोन टेकड्यांच्या माथ्यांवर खुणा धरून रोमन मोजणीदार सरळ रेषा आखीत, हे खरे. डोंगरात मात्र तोच मोजणीदार चढ पाहून वळतो, कड्याला खांदा देतो, उतार फार झाला की नागमोडी घेतो. गाड्या ओढणारे बैल आणि पाठीवर ओझे घेतलेला शिपाई यांच्या दमाचा त्याने विचार केलेला असतो. आमच्याही दमाचा त्यात समावेश झाला. खिंडीत त्या दोन शिळांच्या डोक्यावरून आता विजेच्या तारांचे भले मोठे मनोरे गेले आहेत. चिरंजीव हळहळले. आम्हांस मात्र ते योग्यच वाटले. ज्या खिंडीतून दगड उभारणारे गेले, सैन्य गेले, तीच वीज नेणारालाही सोयीची दिसली, एवढाच त्याचा अर्थ.

त्या देशातील एक गोष्ट आमच्या फार मनात भरली. शेते खासगी, कुंपणे पक्की, परंतु त्यांमधून जाणाऱ्या पाऊलवाटेवर चालण्याचा हक्क सर्वांचा. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करणे तेथील अधिकाऱ्यांस बंधनकारक झाले. कुंपण आले की ते ओलांडण्यास लाकडी पायऱ्या असतात. फाटक उघडावे, आत जावे आणि पुन्हा लावून घ्यावे, एवढीच अट. आमच्या गावाकडच्या पाणंदी दरसाल एकेक नांगराच्या तासाने अरुंद होत चालल्या आहेत, आणि तक्रार केली तर शेजाऱ्याशी जन्माचे वैर. असो.

दुसऱ्या दिवशी बेतुस-अ-कोइद या गावाहून रिउदोल्योन नावाच्या ओसाड वस्तीकडे चढलो. पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांची ही वस्ती. खाण बंद पडली आणि माणसे गेली. घरांच्या भिंती छातीइतक्या उरल्या आहेत, चुलाण्याच्या जागी नेचा वाढला आहे. एक छोटी इमारत प्रवाशांच्या मुक्कामासाठी राखली आहे. तेथे पूर्वी रविवारी प्रार्थना होई आणि एरवी शाळा भरे. आम्ही तिच्या दारात बराच वेळ उभे राहिलो. आम्ही बाराखडी गिरविली ती पाटीवरच. डोंगरच्या डोंगर पाटीचा, आणि गिरविणारे मूल एक नाही. चिरंजीव पुढे गेले होते. त्यांनी हाक मारली तेव्हा आम्ही निघालो. त्या वेळी विचारता आले असते, पण दम लागला आहे अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

तेथून रस्ता पलीकडच्या दरीत पोंट-अ-पँट या वाडीकडे उतरतो. या नावांनी आमच्या जिभेची फार परीक्षा पाहिली. परंतु हे नाव आम्ही दिवसभर चघळीत होतो. 'पोंट' म्हणजे पूल. वेल्श लोकांनी हा शब्द रोमनांच्या लॅटिन 'पोन्स' वरून घेतला, आणि 'पोन्स' व आपला 'पन्थाः' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. एका भावाने अर्थ घेतला वाटेचा, दुसऱ्याने ओढा ओलांडण्याचा. आम्ही हे चिरंजीवांस सविस्तर समजावून दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, आणि मग म्हणाले, "अण्णा, चौदा वर्षांत तुम्ही एवढं सलग माझ्याशी पहिल्यांदाच बोलताय." आम्ही तो अभिप्राय व्याकरणाविषयी आहे असे धरून पुढे चाललो.

तिसरा दिवस दोलविदेलानच्या दक्षिणेस पेनाम्नेन दरीत गेला. सूचिपर्णी वृक्षांची लागवड, ओढा, आणि मधून जाणारी वाट. तिच्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही. गुडघा मात्र त्या दिवशी बोलू लागला.

चौथ्या दिवशी पाऊस लागला. आमच्याकडच्या पावसासारखा तो कोसळत नाही. दिवसभर कुरकुरत राहतो. म्हणून प्रदक्षिणा रद्द करून, कुटुंबास बरोबर घेऊन, आम्ही त्राउस्व्हनिद गावाजवळचे 'अर-अस्गुर्न' नावाचे शेतकऱ्याचे घर पाहावयास गेलो. हे 'हेद विन' या नावाने कविता करणाऱ्या एका मेंढपाळ तरुणाचे घर. पहिल्या महायुद्धात या घरातून एक मुलगा सैन्यात जाणे प्राप्त झाले. धाकट्या भावावर पाळी येऊ नये म्हणून हा थोरला गेला. ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जममध्ये तो पडला. वय अवघे तीस. त्याने रणभूमीवरून स्पर्धेसाठी पाठविलेली कविता मात्र वेल्श लोकांच्या राष्ट्रीय साहित्यसंमेलनात पहिली आली. सप्टेंबरात बर्कनहेड येथे कवीचे टोपणनाव तीनदा पुकारले गेले, आणि कोणीच उठले नाही. विजेत्याची कोरीव खुर्ची काळ्या वस्त्राने झाकण्यात आली आणि तशीच ती आईबापांकडे पोचती झाली. ती खुर्ची आजही त्याच घरात आहे. आजीने नातवांस बजावून ठेवले होते की, कवीचे घर पाहावयास येईल त्याच्यासाठी दार उघडे ठेवा. आणि २०१२ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने घर विकत घेईपर्यंत त्यांनी ते तसे ठेविले.

आम्ही कोरीवकाम पाहत होतो. कुटुंबाचे लक्ष त्याकडे नव्हते. परत येताना मोटारीत त्या एवढेच म्हणाल्या, "त्या माउलीनं ती खुर्ची रोज पुसली असेल." पुढे कोणीच काही बोलले नाही. काचेवरची पाणी पुसणारी दांडी तेवढी हालत होती.

शेवटची प्रदक्षिणा 'तोमेन-अ-मीर'ची. नावाचा अर्थ 'भिंतीचा टेकाडा'. यातला 'मीर' हाही लॅटिन भिंतच. उघड्या माळावर हा रोमन किल्ला इ. स. ७८ च्या सुमारास उभा राहिला. म्हणजे आपल्या पंचांगातला शालिवाहन शक सुरू होतो तेच साल! एवढ्या थंडीत आणि वाऱ्यात आमच्या अंगावर रोमांच आले ते या आकड्याने. त्या शतकांत इकडे कल्याणच्या बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरास चढत होता, आणि रोमन जहाजे आपल्या किनाऱ्यास लागत होती. योगायोग असा की, सार्न हेलेनच्या उत्तरेकडील सेगोंटियम किल्ला १९२१ व १९२२ मध्ये उकरणारे मॉर्टिमर व्हीलर हेच पुढे आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि १९४५ मध्ये पाँडेचरीजवळ अरिकामेडू येथे रोमन मालाची खापरे त्यांनी ओळखली. वेल्सच्या चिखलात ओळख झालेली भांडी त्यांना तेथे पुन्हा भेटली असतील.

किल्ल्याबाहेर मातीच्या बांधाचे एक लहानसे वाटोळे रिंगण आहे. शिपायांच्या कवायतीसाठी आणि खेळांसाठी ते असावे. एवढ्या आडरानात, एवढ्या लहान किल्ल्याजवळ असे रिंगण क्वचितच आढळते. खाली त्राउस्व्हनिदचा मोठा जलाशय दिसतो आणि त्याच्या काठी १९९१ मध्ये वीज निर्माण करणे थांबविलेले अणुकेंद्र. ते उतरविण्याचे काम अजून चालू आहे. किल्ला मात्र रोमनांनी साठ-सत्तर वर्षांतच सोडून दिला. आम्ही वारा चुकवून रिंगणाच्या बांधाआड बसलो. चिरंजीवांनी थर्मासमधला चहा ओतला आणि विचारले, "अण्णा, हे शिपाई रोमहून यायचे का?"

आम्ही सांगितले की, बहुतेक नाही. अशा किल्ल्यांत राहणारे साहाय्यक सैन्य जिंकलेल्या प्रांतांतून भरती केलेले असे. सेगोंटियममध्ये ऱ्हाइन नदीकडच्या सुनिकी नावाच्या लोकांची पलटण होती; तिने पाण्याचा पाट दुरुस्त केल्याचा शिलालेख मिळाला आहे. नोकरी पंचवीस वर्षांची. ती पुरी झाली म्हणजे शिपायास रोमचे नागरिकत्व मिळे.

"आणि मग ते आपल्या गावी परत जायचे?"

"काही जात. पुष्कळ जण जेथे नोकरी झाली तेथेच राहत. बायकामुले तेथलीच झालेली असत."

चिरंजीवांनी पेला खाली ठेवला. "काकांचा निरोप आईनं मला पहिल्याच दिवशी सांगितला."

आम्ही चकित झालो. "मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी राहायला परत येईन असं खोटं सांगवत नाही, अण्णा. मुलांच्या शाळा इथे, त्यांची भाषासुद्धा निम्मी इथलीच. पण भिंतीच्या खर्चात माझा हिस्सा धरायला सांगा काकांना. आणि माडीवरची कृष्णेकडची खोली कुणाला देऊ नका. येईन तेव्हा तिथेच उतरेन."

आम्ही नकाशाची घडी घालीत होतो. ती काही केल्या बसेना. शेवटी चिरंजीवांनी तो आमच्या हातून घेतला, नीट दुमडला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मग आम्ही उठलो, ओढ्याच्या बाजूने खाली उतरलो, आणि तासाभराने पुन्हा मोटारीपाशी आलो. कुटुंब आत बसून विणीत होत्या. त्यांनी आम्हां दोघांच्या तोंडांकडे एकदा पाहिले आणि सुया पिशवीत ठेवल्या.

त्याच रात्री बंधूंस कळविले. त्यांचे उत्तर सकाळी आले : खर्च आम्ही पहिल्यापासून चार हिश्श्यांतच धरला आहे. माडीवरच्या खोलीची कौले आधी उतरवून घेतो. पाऊस तोंडावर आला आहे.